घाटाची झळ, समुद्राची वाफ

बातम्यांमध्ये ‘मुंबईचं कमाल तापमान’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो सांताक्रूझ किंवा कुलाबा वेधशाळेचा असतो. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी सांताक्रूझला ३४ अंशांची नोंद होते. त्याच वेळी कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला विठ्ठलवाडी सोडल्यावर तोंड भाजणारा वारा लागतो. अंबरनाथ गेलं, बदलापूर आलं की दाराच्या दांड्याला हात लावणंही नकोसं होतं. तिथे पारा ४० च्या वर असतो आणि काही दिवस तो ४२-४३ पर्यंतही चढतो. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर जेमतेम ४५ किलोमीटर, आणि तापमानात सहा-सात अंशांचा फरक.

बदलापूर-अंबरनाथच्या रहिवाशांना हा फरक अंगावरून कायमच ठाऊक होता. गेल्या काही वर्षांत हौशी निरीक्षकांनी स्वतःच्या इमारतींवर स्वयंचलित यंत्रं बसवली आणि तो आकड्यांतही दिसू लागला. कोकणातली हवामान खात्याची जुनी, सलग नोंदी असलेली केंद्रं पाहिली तर कुलाबा, सांताक्रूझ, डहाणू, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी अशी बहुतेक समुद्राकाठचीच आहेत. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लाखो लोकांचा उन्हाळा या केंद्रांच्या आकड्यांत पुरता येत नाही.

पायथा हा शब्द इथे महत्त्वाचा. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, अंबरनाथच्या बाजूने कल्याणकडे जाऊन वसईच्या खाडीला मिळते. या खोऱ्याच्या दक्षिणेला माथेरान, मलंगगडाची रांग, आणि पूर्वेला तीसेक किलोमीटरवर भीमाशंकरचा कडा. त्या कड्यापलीकडे जुन्नर-पुण्याचं पठार आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर. मार्च ते मे या काळात तापलेल्या पठारावरून पूर्वेचा वारा सुटला की ती हवा घाट उतरून थेट या खोऱ्यात येते.

उतरताना तिच्यावरचा दाब वाढतो आणि दाबली गेलेली हवा तापते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दट्ट्या मारत राहिलं की नळी गरम होते, त्यातलाच हा प्रकार. कोरडी हवा दर किलोमीटर उतरताना जवळजवळ १० अंशांनी तापते. म्हणजे पठारावर ३६ अंशांची असलेली हवा ६०० मीटर खाली येईपर्यंत ४२ अंशांची होते, आणि त्यासाठी वाटेत आणखी ऊन लागण्याची गरजही नसते. आर्द्रतेची टक्केवारीही या उतरंडीत घसरते, कारण हवा जितकी गरम तितकी ती जास्त बाष्प सामावू शकते, आणि बाष्प तर तेवढंच राहतं. त्यामुळे एप्रिलमध्ये सकाळी अकरा ते दुपारी तीनपर्यंतचं बदलापूर कोकणातलं वाटतच नाही. ओठ सुकतात, घाम येतो पण दिसत नाही, दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक होतात. हा देशावरचा उन्हाळा, घाट उतरून आलेला.

मुंबईला यातून वाचवतो तो समुद्रवारा. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची तुलनेने थंड हवा आत शिरते. नेहमीच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर हा वारा दुपारच्या आतच पोचतो आणि पाऱ्याची चढण तिथेच थांबते. उल्हासनगर सरळ रेषेत समुद्रापासून ३५ किलोमीटरवर, बदलापूर ४५ वर. तिथे तो यायला दुपार कलावी लागते. पूर्वेचा वारा जोरात असेल, तर समुद्रवारा किनाऱ्यावरच अडखळतो आणि मग मुंबईही होरपळते. १६ एप्रिल २०२४ ला सांताक्रूझला ३९.७ अंश नोंदले गेले. १४ एप्रिल १९५२ चा ४२.२ चा एप्रिलमधला विक्रम अजून मोडलेला नाही. मुंबईत जे काही वर्षांतून कधीतरी घडतं, ते बदलापूर-कर्जत पट्ट्यात दर उन्हाळ्यात अनेकदा घडतं.

एकच वेळापत्रक दोन्हीकडे लावलं की काय होतं, याचं उदाहरण शाळांचं. २०२५ च्या उन्हाळ्यात राज्याच्या शिक्षण विभागाने सकाळच्या शाळांची एकसारखी वेळ ठरवली: प्राथमिक सात ते सव्वा अकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. हेतू चांगला होता आणि निर्णयही गरजेचा. पण मुंबईत पावणेबाराला शाळा सुटते तेव्हा समुद्रवारा येऊ घातलेला असतो, आणि बदलापुरात त्याच क्षणी दिवसातले सर्वांत तापदायक तीन तास सुरू होत असतात. पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवसांत इथल्या मुलांना तासभर आधी घरी पोचवणारी वेळ हवी.

उष्णतेची लाट कधी जाहीर करायची याचे हवामान खात्याचे निकष ठरलेले आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश हवं, शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असायला हवं. हवामान विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. हे तापमान मोजलं जातं ते पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, सावलीत आणि मोकळ्या जागेवर. जगभर तुलना करता यावी म्हणून ही पद्धत आवश्यकच आहे. पण उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्या कारागिराच्या अंगाला जे सोसावं लागतं, ते त्या पेटीतल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त असतं.

उल्हासनगर मुळात घडलं तेच छावणी म्हणून. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ उभारला गेला आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच तळाच्या बराकींमध्ये ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लष्करी कॅम्पांचे एक ते पाच हे क्रमांक मात्र पत्त्यांत टिकले, आणि ‘बराक नंबर’ही.

ही माणसं आली होती ती उन्हाळ्यासाठी जगप्रसिद्ध असलेल्या प्रदेशातून. सिंधमधल्या जेकबाबादला जून महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४४ अंशांच्या आसपास असतं. मोहेंजोदडोला २६ मे २०१० रोजी ५३.५ अंशांची नोंद झाली होती. त्या उष्णतेशी कसं जगायचं याची विद्या सिंधी घरांमध्ये होती. सिंधमधल्या हैदराबाद शहरात जवळजवळ प्रत्येक घराच्या छपरावर ‘मंघ’ असे. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा पकडून खालच्या खोल्यांत सोडणारा हा तिरप्या छताचा झरोका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत शेकडो मंघ एकाच दिशेला तोंड करून उभे दिसतात. घरात थाधल घोटली जाई: बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी, वेलची, गुलाबपाकळ्या वाटून दुधात किंवा पाण्यात. थाधल उल्हासनगरात आजही मिळते. मंघ मात्र आला नाही. लष्कराच्या लांबलचक बराकींमध्ये तो बांधणार कुठे?

पुढे बराकींवर मजले चढले, मधल्या जागा भरल्या. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि शहराचं क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर. इतक्या दाटीत वारा शिरायलाच वाट उरत नाही. कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवण्याचा धंदा मोठा आहे. तळमजल्यावर किंवा वरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशिनांच्या रांगा, शेजारी वाफेची इस्त्री, डोक्यावर गरम हवाच फिरवणारा पंखा. भर उन्हात लोखंडी पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो आणि खाली बसलेल्या माणसावर उष्णता फेकत राहतो. हवा ४१ अंशांची असली तरी शरीराला बसणारा मार त्याहून जास्त.

रात्रही सोपी जात नाही. काँक्रीटची स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता संध्याकाळपासून खाली सोडू लागते, म्हणून वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहाला दुपारपेक्षा जास्त कोंडल्यासारखं होतं. शरीराला दिवसाच्या ताणातून सावरायला रात्रीचा गारवा लागतो, आणि नेमका तोच मिळत नाही. गच्चीवर पाणी मारण्याचा जुना उपाय पाणीटंचाईच्या महिन्यांत परवडत नाही. गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग लावणं मात्र शक्य आहे. त्याने खालच्या खोलीचं तापमान काही अंशांनी उतरतं, खर्चही आवाक्यातला. अहमदाबादने हा उपाय आपल्या उष्णता कृती आराखड्यात घेतला आहे. मे २०१० मधल्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्या धक्क्यानंतर २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी आराखडा तिथे तयार झाला.

आता उल्हास खोऱ्याच्या उन्हाळ्यातला सर्वांत फसवा भाग. दुपारी तीन-चारच्या सुमारास समुद्रवारा पोचतो, पारा चार-पाच अंशांनी उतरतो, आणि तरीही जीव जास्त कासावीस होतो. कारण शरीर थंड राहतं ते घाम येऊन नव्हे, घाम वाळून. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातून जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. माठ याच तत्त्वावर पाणी गार करतो. हवा दमट झाली की घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो आणि उष्णता आतच राहते.

हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ‘ओल्या फुग्याचं तापमान’ वापरतात. तापमापीच्या फुग्याभोवती ओलं कापड गुंडाळून वारा घातला की बाष्पीभवनाने पारा जिथपर्यंत उतरेल, ते हे तापमान. हिशेब करून पाहिला तर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ते येतं २४ अंशांच्या आसपास. ३६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेला मात्र ते २८ च्या पुढे जातं. म्हणजे बदलापूरच्या दुपारी एकपेक्षा संध्याकाळी पाचची हवा घामाच्या कामाला जास्त वाईट, जरी तापमापी उलटं सांगत असली तरी. हे तापमान ३५ ला पोचलं, तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे टिकणार नाही, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. नंतर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. दमट हवेत त्यांचं शरीर ३१ च्या आसपासच हार मानू लागतं, असं तिथे दिसलं. म्हातारी माणसं, बाळं, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांची मर्यादा त्याहून खालीच असणार.

घराघरातल्या कूलरची वागणूकही याची साक्ष देते. वाळ्याचे किंवा गवताचे पडदे भिजवून चालणारा कूलर नागपुरात दिवसभर सुख देतो. बदलापुरात तो दुपारी तीनपर्यंत उत्तम चालतो आणि समुद्रवारा आल्यावर खोलीत नुसती ओल साठवतो. त्या वेळी पाणी बंद करून, खिडकी उघडून साधा पंखा लावलेला बरा.

दमट उष्णता काय करू शकते, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिलं. नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं सकाळपासून उन्हात बसून होती. परिसरातलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भातल्या माणसाने या आकड्याकडे लक्षही दिलं नसतं. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जण गेले. डोक्यावर मांडव नव्हता, हवेत समुद्राची ओल होती, आणि तासन्‌तास उठायला वाव नव्हता. एवढ्या गोष्टींपुढे ३८ अंशही पुरेसे ठरले. त्या महिन्यातली भारत-बांगलादेशातली दमट उष्णता मानवनिर्मित हवामानबदलामुळे किमान ३० पटींनी अधिक संभवनीय झाली होती, असा निष्कर्ष वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने काढला.

उष्माघात ओळखण्याची खूण घाम थांबणं ही एकच मानली जाते, आणि त्यात वेळ जातो. दमट हवेत, अंगमेहनत करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळतही असू शकतो. खरी खूण म्हणजे डोक्याचा गोंधळ: असंबद्ध बोलणं, झोकांड्या, चिडचिड, झटके, शुद्ध हरपणं. अशा वेळी शरीराचं आतलं तापमान ४० च्या पुढे गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना धोका सुरू झालेला असतो. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता माणसाला सावलीत आणून, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावं, जोरात वारा घालावा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. त्या पहिल्या अर्ध्या तासात केलेल्या या गोष्टींनी जीव वाचतो.

घाटाची कोरडी हवा आणि समुद्राची ओली हवा यांची गाठ पडते तीच वादळाचीही जन्मजागा. पायथ्याशी समुद्रवारा ओल आणतो, तापलेली जमीन हवेला वर ढकलते, कडे तिला आणखी उचलतात आणि वर थंड, कोरडा थर असला की ढगाला अटकाव राहत नाही. दुपारी तीननंतर बदलापूरहून पूर्वेकडे पाहिलं तर घाटमाथ्यावर फुलत चाललेले पांढरे मनोरे दिसतात. तास-दीड तासात त्यांची डोकी दहा-बारा किलोमीटर उंची गाठून सपाट होतात. वरचा वारा पूर्वेकडून असेल, तर हे ढग कर्जत-मुरबाडवरून खोऱ्यात उतरतात आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस पडतो. झाडाखाली जांभळांचा सडा पडतो. रानातून टोपल्या घेऊन स्टेशनवर येणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांचं त्या दिवशीचं उत्पन्न त्यात जातं.

पावसाआधी येणारा वारा पावसापेक्षा जास्त नुकसान करतो. ढगाखालची हवा कोरडी असते, तीत पडणारे थेंब वाटेतच विरतात. विरताना ते हवेतली उष्णता घेतात, गार झालेली ती हवा जड होते आणि वेगाने खाली कोसळून जमिनीवर चारी बाजूंना पसरते. हीच ती धुळीची भिंत. काही मिनिटांत पारा आठ-दहा अंशांनी उतरतो, पत्रे उडतात, फांद्या तुटतात. १३ मे २०२४ च्या दुपारी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्याला वादळी वाऱ्यापावसाने झोडपलं आणि मुंबई धुळीने झाकोळली. ठाणे-मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकल्याने मध्य रेल्वे कोलमडली. घाटकोपरच्या छेडानगरात १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. ४० बाय ४० ही महापालिकेची मर्यादा होती. वारा मोसमातला, अपेक्षितच होता. फलक तसा नव्हता.

विजांचं भय उल्हास खोऱ्यात कमी मानलं जातं, कारण बातम्या बहुतेक मराठवाडा-विदर्भातून येतात. पण मोकळ्या पटांगणात क्रिकेट खेळणारी मुलं, बारवी धरणाच्या बाजूची शेतं, गच्चीवर कपडे काढायला धावणाऱ्या बाया यांना धोका तितकाच आहे. देशात २०२२ मध्ये वीज पडून २,८८७ माणसं दगावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली आहे. विजेच्या वाटेतली हवा क्षणात ३०,००० अंशांच्या आसपास तापते आणि स्फोटासारखी पसरते. तोच गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, म्हणून चमक आणि गडगडाटात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पक्क्या घरात जायची वेळ झाली आहे. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास आतच थांबावं. झाडाखाली आसरा घेणं सर्वांत घातक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ ॲप आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. घाटाकडून येणाऱ्या वादळासाठी तेवढी सवड पुरते.

वादळ गेल्यावर गारवा एका रात्रीचा. बहुधा तेव्हाच वीजही गेलेली असते, कारण तारांवर फांद्या पडलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी भिजलेल्या जमिनीची वाफ सूर्याबरोबर वर येते, तापमान ३५-३६ वरच थांबतं पण ओल्या फुग्याचा आकडा वादळापूर्वीपेक्षा वर जातो. कामावरचे मुकादम अशा दिवशी ‘आज ऊन कमी आहे’ म्हणून दुपारच्या सुट्टीची सवलत काढून घेतात. शरीराच्या हिशेबाने तो दिवस आदल्या दिवशीपेक्षा जड असतो. हवामान खातं कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा पिवळा इशारा देतं, तो नेमका अशाच दिवसांसाठी, आणि लाटेच्या इशाऱ्याइतक्याच गांभीर्याने तो पाळायला हवा.

मोसमाची चौकटही आता सैल झाली आहे. २०२५ मध्ये मुंबई-ठाण्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच द्यावा लागला. त्याच वर्षी मे महिना वादळी पावसात गेला आणि एरवी ११ जूनच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, १९५० नंतरचा सर्वांत लवकर. कुलाब्याने मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम त्या दिवशी मोडला. गच्चीवरचे पत्रे आवळणं, नाले काढणं, झाडांच्या फांद्या छाटणं ही कामं ‘जूनच्या आधी’ उरकायची असा इथला शिरस्ता आहे. ती आता एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवावी लागतील, आणि पाणपोया व दुपारच्या सुट्टीची सोय फेब्रुवारीत तयार ठेवावी लागेल.